'नाला' : एका शब्दाची कुळकथा

माणसाला जसे कूळ असते, तसे शब्दालाही असते. माणसाचे कूळ घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कळते. शब्दाचे कूळ मात्र कोशांना आणि जुन्या लेखांना विचारावे लागते. ते न करता केवळ कानाला काय वाटते यावर विसंबले, तर माणूस भलत्याच उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो. प्रस्तुत लेखात रोजच्या वापरातील अशाच एका साध्या शब्दाचे कूळ व त्याचे बदलत गेलेले अर्थ यांचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे 'नाला'. तो मराठीत आहे, हिंदीत आहे, उर्दूत आहे, आणि विशेष म्हणजे इंग्रजी कोशांतही 'नल्ला' अशा उच्चाराने लहान ओढ्याचा शब्द म्हणून त्याला जागा मिळाली आहे. चार भाषांत वावरणारा हा शब्द मूळचा कोणाचा, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बोलण्यात आपण त्यांना 'घाटावर' आणि 'घाटाखाली' म्हणतो. घाटावरचे पाणी पैनगंगा व खडकपूर्णा यांच्या वाटेने शेवटी गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. घाटाखालचे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा, मन, मस अशा नद्यांनी पूर्णेत, पूर्णेतून तापीत व तापीतून अरबी समुद्रात जाते. म्हणजे घाटमाथ्यावर शेजारी शेजारी पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक पूर्वेच्या समुद्राला निघतो, तर दुसरा पश्चिमेच्या. परंतु दोघांचाही प्रवास सुरू होतो तो एखाद्या लहानशा नाल्यातूनच. नदीचे नाव नकाशात ठळक छापले जाते. नाल्याचे नाव गावकऱ्यांच्या तोंडी तेवढे असते. तरीही शेताची बांधबंदिस्ती, गुरांचे पाणी, विहिरीची पातळी आणि गावाची वस्ती या साऱ्यांचा संबंध नदीपेक्षा नाल्याशीच अधिक आहे.

लहान प्रवाहासाठी मराठीत शब्दांची मुळीच उणीव नाही. ओढा आहे, ओहोळ आहे, झरा आहे. कोकणात वहाळ आणि पऱ्ह्या म्हणतात. शेताला पाणी नेण्यासाठी खोदून काढलेला तो पाट. आमच्या वऱ्हाडात मात्र ओढ्यापेक्षा नाला हाच शब्द अधिक चालतो. "नाल्याला पूर आला" हे वाक्य घाटाखाली ज्वारी-कपाशीचा शेतकरी म्हणतो, आणि घाटावरचा गुराखीही म्हणतो. ते म्हणताना तो कोणत्या समाजाचा आहे, हे त्या वाक्यावरून कोणालाही ओळखता यायचे नाही.

शाळेत मात्र गोष्ट थोडी निराळी होते. मराठीच्या तासाला लहान प्रवाहाचे नाव विचारले असता उर्दू बोलणाऱ्या घरातील मुलगा चटकन 'नाला' म्हणतो, आणि बाकावरचा दुसरा मुलगा म्हणतो, "तो तुमचा शब्द, आमचा शब्द ओढा." कधी कधी उत्तरपत्रिकेतही 'नाला' या शब्दाखाली लाल रेघ ओढली जाते आणि वर 'ओढा' असे लिहिले जाते. उलट उर्दूच्या तासाला काही मुले ठासून सांगतात की नाला हा फारसी शब्द असून तो बादशाही काळात येथे आला. दोन्ही बाजूंचा समज एकच आहे : नाला म्हणजे मुसलमानांचा शब्द. एकाला त्याचा संकोच वाटतो व दुसऱ्याला अभिमान, एवढाच फरक. या समजाला आधार किती, हे आता तपासून पाहू.

संस्कृतात 'नाल' म्हणजे पोकळ देठ. कमळाच्या देठाला नाल म्हणतात. त्याच घराण्यातील 'नाड', 'नाडी' हे शब्द पोकळ नळीसाठी आहेत. पोकळ आणि लांब, ज्यातून काहीतरी वाहते, ही या घराण्याची खूण. तिच्यावरून आपले नळ, नळी, नाळ, नाली हे शब्द ओळखता येतात. जमिनीतील लांबट, खोलगट जागा, जिच्यातून पाणी वाहते, तो नाला. आईच्या उदरातील बालकाला अन्न पुरवणारी नाळ आणि गावाच्या शिवाराला पाणी पुरवणारा नाला हे असे एका कुळातले निघतात. जॉन प्लॅट्स या इंग्रज पंडिताने १८८४ मध्ये उर्दू व हिंदी शब्दांचा जो मोठा कोश प्रसिद्ध केला, त्यात पाण्याचा नाला संस्कृत मुळाकडेच नेऊन पोचवला आहे. म्हणजे ज्याला वर्गात फारसी ठरवले गेले, तो शब्द याच मातीतला.

मग घोटाळा झाला कसा? याचे कारण उर्दूत 'नाला' नावाचा दुसरा एक शब्द खरोखरच फारसीतून आलेला आहे. त्याचा अर्थ विलाप, आक्रोश. फारसीत 'नालीदन' म्हणजे विलाप करणे, त्यावरून हा 'नाला' झाला. इक्बाल यांनी १९०० साली लाहोर येथील अंजुमन-ए-हिमायत-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या वार्षिक सभेत 'नाला-ए-यतीम' ही कविता वाचली. तिच्या नावातला नाला हा अनाथ बालकाचा विलाप आहे, अनाथाचा ओढा नव्हे! उर्दू लिपीत पाण्याचा नालाही पुष्कळदा या दुसऱ्या नाल्याप्रमाणेच शेवटी 'हे' अक्षर देऊन लिहितात. त्यामुळे डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात व त्यांचे कूळही एकच असावे असे वाटू लागते. प्लॅट्सच्या कोशात मात्र हे दोन शब्द वेगवेगळे दिलेले आहेत.

याच परिसरात तिसराही एक शब्द आहे. घोड्याच्या टापेला ठोकतात ती नाल. ती मूळची अरबी. अरबीत 'नअल' म्हणजे पादत्राण. आता पाहा : कमळाची नाल संस्कृत, घोड्याची नाल अरबी, आणि हृदयातून निघणारा नाला फारसी. तीन भाषांतून निघालेले तीन शब्द आपल्या बोलण्यात येऊन जवळजवळ एकाच उच्चाराचे झाले. म्हणूनच शब्दाचे कूळ कानाने ठरवू नये असे म्हणावे लागते.

आणखी एक उदाहरण देतो. अरबीत 'वादी' म्हणजे दरी, तसेच पावसाळ्यात वाहणारा व एरवी कोरडा राहणारा प्रवाह. अरब लोक स्पेनमध्ये गेले तेव्हा हा शब्दही त्यांच्याबरोबर गेला. तेथील ग्वादलकिवीर नदीचे नाव म्हणजे 'अल-वादी अल-कबीर', मोठी वादी, याचाच अपभ्रंश होय. उर्दूत 'वादी' हा शब्द आला तो मुख्यतः दरी या अर्थाने. आता एखाद्याने उठून सांगितले की आपल्या गावोगावच्या 'वाड्या' याच अरबी वादीवरून निघाल्या, तर ते ऐकायला गोड लागेल, पण खरे होणार नाही. मराठी वाडीचे नाते वाड्याशी व संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा, या शब्दाशी आहे. नाला आणि 'नहर' यांचेही असेच. नहर अरबी, नाला देशी. दोघांत पाणी आहे म्हणून ती भावंडे होत नाहीत.

याउलट ज्या शब्दांकडे आपण कधी संशयाने पाहत नाही, त्यांतले कित्येक बाहेरून आलेले आहेत. जमीन फारसी आहे. बागायत व जिरायत हे शब्द फारसी-अरबी वळणाचे आहेत. हौद अरबी 'हौज'वरून आला. माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. तो चाळला म्हणजे आपल्या नित्याच्या मराठीत अशा शब्दांची केवढी भरती आहे हे ध्यानात येते. "माझ्या जिरायत जमिनीतून नाला जातो" असे एखादा पाटील म्हणतो, तेव्हा त्या वाक्यातली जमीन फारसी असते आणि नाला संस्कृत कुळातला असतो. पाटलाला त्याची गरजही नसते व फिकीरही नसते. भाषेच्या शिवारात शब्दांचे बांध असे घालता येत नाहीत.

आता हा नाला इंग्रजीत कसा गेला ते पाहू. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश काढला. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेले देशी शब्द त्यात गोळा केले आहेत. त्यात 'नल्ला' आहे आणि त्याच्या वापराची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतील सर्वांत जुने १७७६ सालचे, हॉल्हेड याच्या ग्रंथातील आहे. हा ग्रंथ कोणता, हे मोठे मनोरंजक आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून बंगालमधील अकरा पंडितांनी हिंदू धर्मशास्त्रातील कायद्यांचा संस्कृतात संग्रह केला. हॉल्हेडला संस्कृत येत नव्हते, म्हणून त्या संग्रहाचे आधी फारसीत भाषांतर झाले आणि त्या फारसीवरून हॉल्हेडने इंग्रजी केले. पंडितांची संस्कृत, मुनशींची फारसी आणि साहेबाची इंग्रजी अशा तीन हातांतून गेलेल्या पुस्तकात हा शब्द इंग्रजी वाचकांपुढे आला. एका शब्दाच्या प्रवासाला याहून शोभणारा आरंभ कोणता असणार?

पुढे हा शब्द फौजेबरोबर फिरला. आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच, जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. केळणा व जुई या दोन प्रवाहांच्या बेचक्यात ती झाली. इंग्रजी इतिहासग्रंथांत यातील केळणेला नदी म्हटले आहे व जुईला 'नल्ला'. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात आले. म्हणजे ज्या युद्धाने आपल्या मुलखाचे भवितव्य ठरवले, त्याच्या इंग्रजी वर्णनांत हा आपला शब्द ठिकठिकाणी भेटतो.

हिंदुस्थानात नोकरी केलेले इंग्रज अन्यत्र गेले, तेव्हा हा शब्दही सामानाबरोबर घेऊन गेले. सिंधमध्ये राहिलेला रिचर्ड बर्टन पूर्व आफ्रिकेत सरोवरांच्या शोधात गेला, आणि १८६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तेथील ओढ्यांनाही त्याने 'नल्ला' म्हटले. हाँगकाँग १८४१ मध्ये इंग्रजांकडे गेले व १९९७ मध्ये चीनकडे परत आले, तरी तेथील वान चाय भागात 'स्टोन नल्ला लेन' व माँग काक भागात 'नल्ला रोड' ही नावे आजही आहेत. चिनी माणसांच्या शहरातील गल्लीला आपल्या नाल्याचे नाव असावे, ही शब्दांच्या जगातील मौज होय.

इंग्रजीला स्वतःचे शब्द नव्हते असे नाही. 'ब्रुक' आहे, 'बर्न' आहे, 'क्रीक' आहे. आणि त्यांचेही अर्थ ठिकाणाप्रमाणे बदललेले आहेत. ब्रुक म्हणजे इंग्लंडमध्ये ओढा. पण त्याचाच भाऊ शोभणारा डच शब्द 'ब्रुक' म्हणजे दलदल. स्कॉटलंडमध्ये बर्न म्हणजे ओढा, तर त्याच्या नात्यातील जर्मन 'ब्रुनेन' म्हणजे विहीर किंवा झरा. क्रीक तर विद्यार्थ्यांना हमखास फसवतो. मुंबई-ठाण्याच्या नकाशात क्रीक म्हणजे खाडी, आणि अमेरिकेच्या गोष्टीत क्रीक म्हणजे लहान ओढा. भाषांतराच्या प्रश्नात शब्दाचा अर्थ विचारण्यापूर्वी त्याचे गाव विचारावे, ते यासाठीच.

आणखी एक शब्द येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. लॅटिन भाषेत ओढ्याला 'रीवुस' म्हणतात. एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे शेजारी ते 'रीवालिस'. पाण्यावरून शेजाऱ्यांत तंटे होतातच. म्हणून त्याच शब्दापासून इंग्रजीतला 'रायव्हल', म्हणजे प्रतिस्पर्धी, हा शब्द तयार झाला. मूळ अर्थ 'एकाच ओढ्याचे भागीदार' असा, आणि शेवटी झाला 'एकमेकांचे वैरी'! एका शब्दाच्या पोटात मनुष्यस्वभावाचा केवढा इतिहास साठलेला आहे. भागीदारीचे वैरात रूपांतर व्हावयास फार काळ लागत नाही, हे आपणही पाहतो. भाषा हीसुद्धा एकाच ओढ्याच्या पाण्यासारखी आहे. तिचे आपण भागीदार राहायचे की प्रतिस्पर्धी व्हायचे, हे आपल्या हाती आहे.

येथवर कुळाची गोष्ट झाली. पण नाल्याच्या अर्थात जो बदल होत आहे, तो याहून चिंतेचा आहे. पूर्वी नाला म्हणजे वाहते पाणी. आज शहरातल्या मुलाला नाला म्हटले की सांडपाणी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि दुर्गंधी आठवते. हाँगकाँगच्या इंग्रजीतही नल्ला म्हणजे आता सिमेंटने बांधून काढलेले उघडे गटार. शब्दाचा अर्थ असा आपोआप घसरत नाही. आधी वस्तू घसरते, मग शब्द. आपण ओढ्यात घाण टाकतो, मग त्याला घाणीचे नाव देतो, आणि एकदा तसे नाव पडले की तेथे घाण टाकण्यास कोणाचीच हरकत उरत नाही.

याची किंमत मुंबईने २६ जुलै २००५ रोजी मोजली. त्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठीचे पाणी वस्त्यांत शिरले. ज्याला आपण गटार समजत होतो ती एक नदी आहे, हे अनेक मुंबईकरांना त्या दिवशी कळले. आपल्या जिल्ह्यात जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, तेव्हा नदी-नाल्यांचे पाणी गावांत व शेतांत घुसून माती खरवडून गेले. पाण्याला आपली जुनी वाट ठाऊक असते. माणूस नाल्याचे नाव विसरला म्हणून नाला आपली वाट विसरत नाही.

कायद्याने मात्र हा शब्द विसरलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० मध्ये नद्या, ओढे, तलाव यांच्याबरोबर नाल्यांचाही उल्लेख असून, ज्यावर दुसऱ्या कोणाची कायदेशीर मालकी नाही असे नाल्याचे पात्र शासनाची मालमत्ता ठरते. म्हणजे नाला कोणा एकाचा नाही, तो सर्वांचा आहे. मृदसंधारणाच्या कामात 'नाला बांध', 'नाला खोलीकरण' हे शब्द रूढ आहेत. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने ते घरोघरी पोचवले. त्यानंतरच्या काही वर्षांत महामार्गांच्या कामाला लागणारी माती व मुरूम नदी-नाले व तलाव खोल करून घेण्याची जी पद्धत आपल्याकडे राबवली गेली, ती 'बुलडाणा पॅटर्न' या नावाने ओळखली जाते. आपल्या जिल्ह्याचे नाव नाल्याच्या निमित्ताने बाहेर ऐकू यावे, ही समाधानाची बाब आहे.

पाण्याची कदर करणे ही आपली जुनी रीत आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे भूमिगत नळांतून पाणी आणले, तीच 'नहर-ए-अंबरी'. सातपुड्यापलीकडे बऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळात, डोंगरातून झिरपणारे पाणी भुयारांतून शहरात आणले गेले. त्या नहरींचे नाव अरबी, पद्धत इराणी आणि पाणी मात्र येथल्याच डोंगरांचे. वुजू करताना, वाहत्या नदीच्या काठी बसला असलात तरी पाण्याची उधळपट्टी करू नका, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. वाहत्या नदीबाबत जर ही सूचना, तर चार महिने वाहून आटणाऱ्या आमच्या नाल्याबाबत ती किती अधिक लागू पडावी!

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. प्रत्येक शाळेने एक 'नालावही' करावी. गावच्या शिवारातील प्रत्येक नाल्याचे नाव मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून आणावे. तो कोठे उगम पावतो, कोणत्या नदीस मिळतो, पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे व आता कोणत्या महिन्यात आटतो, हे लिहून घ्यावे. ही वही मराठी, उर्दू व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावी. आणि तिन्ही भाषांत 'नाला' हा शब्द बिनदिक्कत लिहावा, कारण तिन्ही ठिकाणी तो बरोबरच आहे. ज्या विद्यार्थ्याच्या शब्दाखाली लाल रेघ ओढली गेली, त्याला त्या वहीतून कळेल की आपल्या घरात बोलला जाणारा शब्द परका नव्हता. आणि त्याच्या शेजारच्या विद्यार्थ्याला कळेल की आपण ज्याला परका म्हणालो, तो आपल्याच कुळातला होता. दोघांनी मिळून एका पावसाळ्यात आपल्या नाल्याच्या काठी दहा झाडे लावली, तर या शब्दाचा मूळ अर्थ, वाहते पाणी, त्याला परत मिळण्यास आरंभ होईल.